जूनमधला बर्फ आणि आल्प्समधली एका दिवसाची चाल : खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

गिरणाकाठ (जळगाव)

आपल्या भटक्यांच्या गटातील काही जण येत्या जूनमध्ये मुलांकडे जिनिव्हाला आणि ल्योंला जाणार आहेत. तिथे असताना एखादा दिवस ‘तूर दु माँ ब्लाँ’ या लांब पल्ल्याच्या वाटेवर चालून यावे, असा त्यांचा बेत आहे. या वाटेचा फ्रान्समधला एक टप्पा मी गेल्या जूनच्या मध्यावर मुलगी आणि जावयांबरोबर चालले. प्रत्येकाला फोनवर वेगळे सांगण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहावे आणि ज्यांना अधिक ठाऊक आहे त्यांनी भर घालावी, यासाठी हा धागा काढत आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. मे महिन्यात पाटणादेवीहून कण्हेरगडावर जाताना आपण पहाटे पाचला निघतो आणि दहाच्या आत सावलीला येतो. जितके लवकर निघावे तितके बरे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. जूनमधल्या बर्फावर मात्र एवढ्याने भागत नाही. तीव्र उतारावरच्या बर्फापाशी फार लवकर पोहोचले तर तो इतका टणक असतो की बुटाची कडसुद्धा रुतत नाही, आणि फार उशिरा पोहोचले तर पाय गुडघ्यापर्यंत आत जातो व ओढ्यांवरचे बर्फाचे पूल कच्चे झालेले असतात. या दोहोंच्या मधले दोन-तीन तास तेवढे आपल्यासारख्या सामान्य चालणाऱ्यांचे असतात, आणि दिवसाचा सगळा आराखडा त्या तासांभोवती बांधावा लागतो.

आता वाटेविषयी. माँ ब्लाँ या शिखरावर न चढता त्याच्या भोवतीने फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून ही वाट फिरते. लांबी सुमारे १७० किलोमीटर आणि एकूण चढ दहा हजार मीटरांच्या घरात असल्यामुळे पूर्ण प्रदक्षिणेला साधारण दहा-अकरा दिवस लागतात. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये या पर्वताभोवती फेरी मारली होती, म्हणजे १७८६ मध्ये शिखर पहिल्यांदा सर झाले त्याच्या बरेच आधी. वाटेचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धरतात. परंतु हंगाम सुरू झाला म्हणजे खिंडी मोकळ्या झाल्या असे नव्हे. अडीच हजार मीटरांच्या आसपासच्या खिंडींच्या उत्तरेकडील उतारांवर हिवाळ्यातला बर्फ जूनच्या अखेरपर्यंत आणि काही वर्षी जुलैतही टिकून असतो.

आम्ही निवडलेला टप्पा ले कोन्तामीन गावाच्या वरचा होता. नोत्र दाम द ला गोर्ज या देवळापासून (उंची १२१० मीटर) कोल दु बोनॉम या खिंडीपर्यंत (२३२९ मीटर) जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. आदल्या रात्री गावातच मुक्काम केला, कारण जिनिव्हाहून सकाळी निघून वेळ गाठणे कठीण जाते. देवळामागून निघणारी फरसबंदी वाट रोमन काळातली मानली जाते. ती जंगलातून सरळ वर जाते आणि पहिल्याच अर्ध्या तासात दम काढते. त्यानंतर नाँ बोराँ आणि ला बाल्म ही दोन विश्रांतिगृहे लागतात. ला बाल्म १७०६ मीटरांवर आहे आणि आमच्या दिवशी तिथपर्यंत वाट पूर्ण कोरडी होती. अंगणात कोवळे ऊन होते, गायी चरत होत्या आणि वर बर्फ असेल याची कोणतीही खूण दिसत नव्हती. अनेक जण इथेच फसतात. खाली उन्हाळा पाहून बर्फाचे सामान गाडीत ठेवतात आणि तासाभराने गरज पडते तेव्हा ते हाताशी नसते.

ला बाल्मच्या वर पहिला बर्फ लागला तो एका घळीत, वाटेवर आडवा पसरलेला. वरून तो मळकट आणि खडबडीत दिसत होता, जाड मिठाचे खडे पसरावेत तसे त्याचे दाणे सुटे झाले होते. हिवाळ्यातला भुसभुशीत बर्फ रोज वितळून रात्री पुन्हा गोठत राहिला की असा दाणेदार होतो. त्याच्या कडेला, जिथे तो जमिनीला टेकतो, तिथे बोटभर जाडीची ओली पोकळी होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होते. त्या पाण्याच्या ओलीवर, बर्फापासून वीतभर अंतरावर, पांढरे आणि फिकट जांभळे क्रोकस उमलले होते. काही ठिकाणी सोल्दानेलाची झालर असलेली निळसर-जांभळी फुले बर्फाच्या पातळ पापुद्र्यातूनच वर आली होती. मी तिथे बराच वेळ बसले. ज्यांना फुलांची आवड आहे त्यांनी जुलैची वाट न पाहता जूनमध्येच का जावे, याचे हे एक सबळ कारण आहे.

प्लाँ दे दाम या सपाटीवर (२०४३ मीटर) दगडांचा एक मोठा ढीग आहे. वादळात सापडून एक बाई आणि तिची दासी इथे मरण पावल्या अशी दंतकथा सांगतात, आणि येणारा-जाणारा त्या ढिगावर एक दगड ठेवतो. या ढिगाचा उपयोगही आहे. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर खडकांवर लाल-पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले असतात, पण बर्फाखाली ते दिसत नाहीत. अशा वेळी बर्फाच्या वर डोके काढणारा दगडांचा ढीग हीच खूण उरते. पुढे खिंडीपर्यंत वाट जवळजवळ सलग बर्फातून होती. आदल्या दिवशीच्या लोकांचे पाय उमटलेले असल्यामुळे दिशा कळत होती, तरीही मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला नकाशा आम्ही दर वळणावर पाहिला, कारण पुढचा माणूस वाट चुकला असेल तर त्याच्या पावलांमागून जाणारे सगळेच चुकतात.

खिंडीत आम्ही सव्वाअकराच्या सुमारास पोहोचलो. तिथून मुख्य वाट डावीकडे उताराच्या अंगाने क्र्वा दु बोनॉमकडे जाते. अंतर फार नाही, तासाभराचे. पण त्या तासात वाट तिरक्या उतारावर चालते आणि तिला बर्फाचे तीव्र पट्टे आडवे येतात. खाली पाहिले तर पट्टा जिथे संपतो तिथे खडक होते. आमच्याकडे काठ्या आणि बुटांना लावायच्या साखळीच्या खिळपट्ट्या होत्या, हिमकुऱ्हाड नव्हती. अशा पट्ट्यावर पाऊल टाकायचे नाही, हे आदल्या रात्री जेवतानाच ठरले होते. त्यामुळे खिंडीत उभे राहून चर्चा करावी लागली नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, पाऊण तास बसलो आणि बारा वाजता उतरायला लागलो.

चढापेक्षा आडव्या वाटेला भ्यावे, असे मी प्रत्येकाला सांगेन. सरळ चढताना घसरले तर माणूस बहुधा गुडघ्यावर येतो आणि थांबतो. तिरक्या उतारावर घसरला तर तो थेट खाली जातो, आणि खाली काय आहे यावर सगळे अवलंबून राहते. म्हणून पट्टा ओलांडण्याआधी पलीकडचा काठ पाहू नये, खालचा शेवट पाहावा. खाली सपाट गवत असेल तर एक विचार, खडक किंवा ओढा असेल तर दुसरा.

भुसावळकर नाना

ताई, फार उपयुक्त लिहिले आहे, मनापासून आभार. येत्या जूनमध्ये जाणाऱ्यांपैकी मी एक. रेल्वेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली. रोज सकाळी चालतो, पण बर्फ आजवर फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिला आहे. दोन गोष्टी विचारतो. पहिली म्हणजे, खालच्या गावात तापमान वीस अंश असताना बर्फ टिकतोच कसा? दुसरी, सकाळी बर्फ कडक आहे की मऊ हे खालूनच कळण्याचा काही मार्ग आहे का? वर गेल्यावर कळले तर माझ्यासारख्याचे श्रम वाया जातील.

पांझरा (धुळे)

नानांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. म्हणजे बर्फाचे शून्य अंशाचे पाणी करणे हेच मोठे खर्चाचे काम आहे. त्यात पांढरा बर्फ अंगावर पडलेले बरेचसे ऊन परत फेकतो आणि उत्तरेकडच्या उतारावर ऊन तिरपे व थोडाच वेळ पडते. हिवाळ्यात वाऱ्याने घळीत दोन-चार मीटर जाडीचा थर साठलेला असेल, तर तो संपायला जून पुरत नाही. शिवाय दर हजार मीटरांना हवा साडेसहा अंशांच्या आसपास थंड होते, त्यामुळे गावात वीस असले तरी खिंडीत बारा-तेराच असते.

ताईंनी आडव्या वाटेविषयी जे लिहिले ते आकड्यांत मांडून पाहिले. ३० अंशांचा उतार, टणक ओला बर्फ, अंगात गुळगुळीत कापडाचे जाकीट, आणि घर्षणाचा गुणांक ०.१ धरला, तर घसरणाऱ्याचे त्वरण दर सेकंदाला सुमारे ४ मीटर प्रति सेकंद इतके येते. तीन सेकंदांत तो १८ मीटर खाली गेलेला असतो आणि त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर पोहोचलेला असतो. काठीने हे थांबत नाही. हिमकुऱ्हाड वापरायची तर तीही पहिल्या क्षणीच रोवावी लागते, आणि त्यासाठी हाताला आधीचा सराव असावा लागतो. विकत घेऊन पिशवीला अडकवलेली कुऱ्हाड कोणालाही वाचवत नाही.

वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम अजून चालतो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरांना आणखी एक तास. एका बाजूचे अंतर साडेसात किलोमीटर धरले तर दीड तास, आणि अकराशे मीटर चढाचे एक तास पन्नास मिनिटे, म्हणजे न थांबता तीन तास वीस मिनिटे. हा नियम कोरड्या वाटेचा आहे. बर्फातले चालणे, फुले पाहणे आणि नानांचे गुडघे हे सगळे त्यावर चढवावे लागेल.

केळीबाग (रावेर)

नानांचा दुसरा प्रश्न आम्हा शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. जानेवारीत आभाळ निरभ्र असलेल्या रात्री केळीच्या बागेत गारठा जास्त उतरतो, म्हणून आम्ही कडेने शेकोट्या पेटवून धूर करतो. आभाळ भरलेले असले तर तेवढी चिंता नसते, कारण जमिनीची उष्णता ढग अडवून धरतात. बर्फाचेही तेच असणार, असे वाटते. जाणकारांनी सांगावे.

सातपुड्याचा वाटसरू (शहादा)

केळीबाग दादांनी अगदी मर्मावर बोट ठेवले. रात्र निरभ्र गेली तर हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असले तरीही बर्फाचा पृष्ठभाग उष्णता आकाशाकडे टाकून गोठतो आणि सकाळी कडक मिळतो. रात्र ढगाळ गेली तर तो गोठतच नाही, पहाटेपासूनच मऊ असतो, आणि दिवस चढेल तसा झपाट्याने बिघडतो. म्हणून नाना, आदल्या रात्री झोपण्यापूर्वी बाहेर येऊन आभाळ पाहावे. चांदण्या स्वच्छ दिसल्या तर उतारावर थोडे उशिरा, साडेनऊ-दहाच्या पुढे पोहोचेल असे निघावे. ढग असतील तर लवकर जाऊन लवकर परतावे किंवा खालच्या विश्रांतिगृहापर्यंतच जावे. सकाळी ला बाल्ममध्ये चहा घेताना तिथल्या माणसाला ‘रात्री गोठले का’ एवढे जरूर विचारावे. ते रोज पाहत असतात आणि नीट सांगतात. शामोनीत ‘ला शामोनियार्द’ ही संस्था आहे. डोंगरातील सुरक्षेसाठीच ती काम करते आणि वाटांची ताजी स्थिती प्रसिद्ध करते. निघण्याच्या आदल्या दिवशी ती पाहिल्याशिवाय जाऊ नये.

मी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतून २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम केला आहे. तिथे बर्फावर चालणे जसे शिकवले तसे सांगतो. चढताना बुटाचे टोक बर्फात मारून पायरी करावी आणि पाऊल पूर्ण टेकल्यावरच भार टाकावा. आडवे जाताना बुटाची डोंगराकडची कड बर्फात कापत न्यावी, शरीर डोंगराकडे झुकवू नये, सरळ उभे राहावे. भीतीने माणूस आत झुकतो आणि त्यामुळेच त्याची कड सुटते. मऊ बर्फात उतरताना गुडघे किंचित वाकवून टाच घट्ट रोवत, ठाम पावले टाकावीत. कडक बर्फावर हीच टाच घसरते, म्हणून तिथे ही पद्धत वापरू नये. काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवू नयेत.

बर्फातून वर आलेल्या मोठ्या खडकांच्या अगदी जवळून जाऊ नये. दगड उन्हाने तापतो आणि त्याच्या भोवतीचा बर्फ आतून पोखरतो. वरून सपाट दिसते, पण पाय कमरेपर्यंत आत जातो आणि नडगी दगडावर आपटते. ओढ्यांवरही असेच आहे. बर्फाखाली पाण्याचा आवाज येत असेल तर काठीने टोचून पाहावे, एकेकाने ओलांडावे, आणि दुपारनंतर तर तो पूल टाळून वर किंवा खाली दुसरी जागा शोधावी.

अस्तंभ्याच्या यात्रेला दिवाळीत आपल्याकडचे हजारो लोक रात्रभर चढतात. तिथल्या अरुंद धारेवर आणि मुरमाड उतारावर ज्याचे पाऊल स्थिर असते, त्याला आल्प्समधली कोरडी वाट अजिबात जड जाणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. आपल्या लोकांचा दम आणि पाय दोन्ही चांगले आहेत. कमी आहे ती फक्त बर्फाच्या ओळखीची. ती इथे मिळवायची असेल तर युथ हॉस्टेल्स असोसिएशनची हिमाचलमधील सार पासची उन्हाळी मोहीम चांगली आहे. मे महिन्यात तिथे भरपूर बर्फ असतो आणि बरोबर वाटाडे असतात.

तापीपूर्णा (चोपडा)

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे एका गोष्टीवर थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आपण खान्देशातली माणसे पंचेचाळीस अंशांचे ऊन पाहिलेली असल्यामुळे आल्प्समधले ऊन आपल्याला सौम्य वाटते. अंगाला ते सौम्यच असते, पण डोळ्यांना नाही. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत किरणे परत वर फेकतो. जुना, मळलेला बर्फ त्याहून कमी फेकतो, तरी पुष्कळच. डोक्यावर टोपी असली तरी किरणे खालून येतात, त्यामुळे नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखाली आणि कानांच्या मागे त्वचा भाजते. सनस्क्रीन तिथेही लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

बर्फाने डोळे आले तर ते त्या वेळी कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते आणि दिव्याकडे पाहवत नाही. बुबुळावरचा वरचा थर भाजलेला असतो. अंधाऱ्या खोलीत विश्रांती, थंड पाण्याची पट्टी, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या काढून ठेवणे आणि डोळे न चोळणे, इतके सांभाळले तर एक ते तीन दिवसांत बहुतेकांना आराम पडतो. तरीही दुखणे कायम राहिले किंवा दिसणे कमी झाले, तर तिथल्या डॉक्टरांना लगेच दाखवावे. दुखणे थांबवण्यासाठी बधिरतेचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत, त्यांनी बुबुळ भरून यायला उशीर होतो.

चष्मा घेताना त्यावरची श्रेणी पाहावी. श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, श्रेणी ४ ची ३ ते ८ टक्के. एका दिवसाच्या चालीला ३ पुरते, सबंध दिवस बर्फावरच जाणार असेल तर ४ घ्यावी, मात्र ती लावून गाडी चालवायची नाही. बाजूंनी बंद असलेला चष्मा सर्वांत चांगला. बाजारातल्या नुसत्या काळ्या, अतिनील संरक्षण नसलेल्या काचा उघड्या डोळ्यांपेक्षा वाईट ठरू शकतात, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणे अधिक आत जातात. ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अलीकडे झाले आहे त्यांनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

भुसावळकर नाना

डॉक्टर, माझे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाले आहे, तरी दाखवून घेतो. बर्फ काही ठिकाणी लालसर दिसतो असे मुलाने सांगितले. ते काय असते? आणि दुपारी वळवाच्या पावसासारखे काही येते का?

गिरणाकाठ (जळगाव)

नाना, लालसर बर्फ आम्हीही पाहिला, प्लाँ दे दामच्या वर, सावलीतल्या एका खोलगट भागात. गुलाबी छटा होती, आणि काठीचे टोक ओढले की रेघ अधिक गडद उमटत होती. ते सूक्ष्म शैवाल आहे. बर्फाच्या वितळत्या पाण्यात ते वाढते आणि उन्हापासून बचाव करण्यासाठी लाल रंगद्रव्य तयार करते. तिकडचे लोक त्याला ‘हिमनदीचे रक्त’ म्हणतात. ग्रेनोबलचे संशोधक त्याचा अभ्यास करत आहेत, कारण रंगलेला बर्फ कमी ऊन परत फेकतो आणि लवकर वितळतो. काही वर्षी सहारातली धूळ वाऱ्याने येऊन आल्प्सवर पडते, तेव्हा नारिंगी-तपकिरी थरही दिसतो आणि त्याचाही परिणाम हाच होतो. असा बर्फ वितळवून पिऊ नये.

पावसाचे म्हणाल तर होय, अगदी वळवासारखेच येते. सकाळ निरभ्र, अकराच्या पुढे शिखरांवर ढग चढायला लागतात आणि तीन-चारच्या सुमारास गडगडाट होतो. फरक इतकाच की आपल्याकडे आपण शेतातून घरी पळतो, तिथे दोन हजार मीटरांच्या वर उघड्यावर असतो. जूनच्या अखेरीस तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळ भरपूर आहे असा भास होतो. उजेड भरपूर असतो हे खरे, पण बर्फ आणि आभाळ दोन्ही दुपारी दोनच्या पुढे आपले राहत नाहीत. आम्ही अडीचला ला बाल्ममध्ये खाली आलो होतो आणि साडेतीनला जो पाऊस आला तो छपराखालून पाहिला.

एक महत्त्वाचे राहिले होते. संकटात युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो. आवाज पोहोचत नसेल तर आल्प्समधली ठरलेली खूण म्हणजे मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा विजेरी, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येते. हेलिकॉप्टर आले तर दोन्ही हात वर तिरके पसरणे म्हणजे ‘मदत हवी’, एक हात वर आणि एक खाली म्हणजे ‘नको’. म्हणून उगाच आनंदाने दोन्ही हात हलवू नयेत. फ्रान्समध्ये डोंगरातले सरकारी बचावकार्य साधारणतः विनामूल्य असते, पण याच वाटेवर स्वित्झर्लंडच्या हद्दीत गेलात तर त्याचे पैसे पडतात. शेंगेन व्हिसासाठी ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आपण काढतोच. त्यात डोंगरातली चाल आणि हेलिकॉप्टर येते का, हे विमा घेतानाच लेखी विचारून घ्यावे.

पारोळ्याची (पारोळा)

ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला नेता येईल का? आणि साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये चालणाऱ्या सासूबाईंना कुठपर्यंत नेता येईल?

गिरणाकाठ (जळगाव)

दोघींनाही ला बाल्मपर्यंत खुशाल न्या. वाट रुंद आहे, ओढ्याची सोबत आहे आणि बर्फ नसतो. आदल्या दिवशी वर नवा बर्फ पडल्याची बातमी नसली म्हणजे झाले. सासूबाईंना नाँ बोराँला खाट-खुर्ची, चहा आणि सावली मिळेल. तिथे त्यांना थांबायचे असेल तर तुम्ही दोघी पुढे जाऊन येऊ शकता. कपडे कोणतेही असोत, पायात पकड असलेले बूट आणि जवळ लोकरीचा कोरडा मोज्यांचा जोड एवढे असावे. बर्फावर जाणाऱ्यांनी मात्र सुती कपडे आणि जीन्स टाळावी, ती भिजली की वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गारठते. मुलीला पहिल्या सपाट बर्फाच्या तुकड्यावर खेळू द्या, उतारावर नको. त्या परिसराला १९७९ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, त्यामुळे फुले तोडू नयेत हे तिला आधीच सांगून ठेवा. खडकांतून मार्मोटची शिट्टी ऐकू येते, ती मुलांना फार आवडते.

सातपुड्याचा वाटसरू (शहादा)

नाना, तुमच्यासाठी माझा सल्ला असा. खिंड हे तुमचे उद्दिष्ट ठेवू नका, प्लाँ दे दाम ठेवा. तिथपर्यंत उतार सौम्य आहे, बर्फ पुरेसा अनुभवता येतो आणि परतीला गुडघे शिल्लक राहतात. तिथे साडेदहाच्या आत पोहोचलात, पाऊल नीट बसत असले आणि खिंडीवर ढग नसले, तर पुढचे पाहावे. या तिन्हींतले एक जरी चुकले तरी तिथूनच वळावे. ही अट मुलालाही आधी सांगून ठेवा, कारण वर गेल्यावर ‘अजून थोडेच राहिले’ असे म्हणणारा माणूस नेहमी आपल्याच घरातला असतो.

भुसावळकर नाना

हे पटले. प्लाँ दे दाम, साडेदहा. आता सामानाचा शेवटचा प्रश्न. खिळपट्ट्या इथून घेऊन जाव्यात की तिथे घ्याव्यात?

सातपुड्याचा वाटसरू (शहादा)

तिथे भाड्यानेही मिळतात, पण मला वाटते की त्या आपल्या स्वतःच्या बुटावर आधी घरी चढवून पाहिलेल्या असाव्यात. बूट घालून, हातमोजे घालून, उभ्याने, त्या चढवता आणि काढता येतात का हे चार वेळा करून पाहा. रबर इतके घट्ट हवे की बूट आडवा आपटला तरी पट्टी सरकता कामा नये. आणि एक लक्षात ठेवा, सेंटीमीटरभर खिळ्यांच्या या पट्ट्या सौम्य उतारावरच्या कडक बर्फासाठी आहेत. तीव्र उतारासाठी लांब दातांचे क्रॅम्पॉन लागतात आणि त्यांना ताठ तळव्याचे बूट लागतात. पट्ट्या पायात आहेत म्हणून ताईंनी सांगितलेल्या आडव्या वाटेवर जाऊ नये. मऊ बर्फात पट्टीखाली बर्फाचा गोळा जमतो, तेव्हा काठीने बुटाच्या कडेला टिचकी मारून तो पाडावा, नाहीतर खिळे टेकतच नाहीत.

भुसावळकर नाना

रविवारी पाटणादेवीला येताना बूट आणि पट्ट्या दोन्ही घेऊन येतो. तुम्ही तिथे असाल तर एकदा तपासून द्या.